बावीस वर्षांचा, डबल-एमध्ये… म्हणजे संपला?

ब्रिजवॉटरकर
काल 'आकडेमोड' यांनी न्यूयॉर्कच्या बेसबॉल क्लबाच्या, यांकीजच्या, फार्म सिस्टीमचा (मेजर लीगसाठी पोरं घडवणाऱ्या मायनर लीग टीम; पायऱ्या चढत्या: सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए) आढावा टाकला. त्यातलं एक वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं: "बावीस ओलांडली, डबल-एच्या पुढे सरकला नाही, स्ट्राइकआऊट तीस टक्क्यांच्या वर, तर नाव खोडा आणि पुढच्याकडे बघा." (स्ट्राइकआऊट म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद.) खाली अंगठ्यांची रांग. म्हणून सविस्तर लिहितो.

यांकीजचा आरन जज २०१५ च्या एप्रिलमध्ये तेवीस पूर्ण करत होता आणि न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला, यांकीजच्या तेव्हाच्या डबल-ए टीममध्येच, खेळत होता. पुढच्या वर्षी मेजर लीगमध्ये आला तेव्हा ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) ४२ स्ट्राइकआऊट, सरासरी .१७९. त्याच्या पुढच्या वर्षी ५२ होमर (बॉल थेट मैदानाबाहेर) आणि रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित. नुसतं वय आणि पायरी पाहिली असती तर हे नाव तेव्हाच खोडलं गेलं असतं. पिचर जेकब डिग्रॉम ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) नवव्या राउंडचा, कॉलेजात शॉर्टस्टॉप म्हणजे फील्डर, निवड झाल्या वर्षीच कोपराचं ऑपरेशन. मेजर लीगमध्ये पोचला तेव्हा सव्वीशीला टेकला होता. पुढे लागोपाठ दोन साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार.

२०२१ पासून यांकीजची डबल-ए टीम आमच्या ब्रिजवॉटरला आहे. बालाजी मंदिरातून निघून थेट मैदान गाठणारी मराठी कुटुंबं इथे थोडीथोडकी नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एक डावखुरा पोरगा पाहिला. पहिल्या दोन्ही वेळा खाली पडणाऱ्या स्लायडरवर (वळणाऱ्या बॉलवर) बॅट फिरवून परतला. पाचव्या इनिंगला तोच पिचर, तोच स्लायडर. बॅटचं टोक हललं, पण मनगटं थांबली. पुढच्या बॉलला पुन्हा तेच. फुल काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक झाल्यावर) फास्टबॉल कडक मारला, तो सरळ सेंटरफील्डरच्या हातात. कागदावर तीनपैकी शून्य. माझ्या मते त्या संध्याकाळी तो एक पायरी वर चढला, आणि ते तुमच्या तक्त्यात कुठेही दिसणार नाही.

आकडेमोड
जज आणि डिग्रॉम ही उदाहरणं मलाही पाठ आहेत. प्रत्येक वेळी हीच दोन नावं का येतात? कारण अशी नावं कमी आहेत. त्याच वयाची, त्याच पायरीवर अडकलेली, तितक्याच वेळा चुकलेली किती पोरं घरी गेली, त्यांची नावं तुम्हाला आठवत नाहीत आणि मलाही नाहीत. मी शक्यता मांडतो. हुआन सोतो २०१८ चा हंगाम सिंगल-एमध्ये सुरू करून मे महिन्यात वॉशिंग्टनला पोचला, वय १९. पायरीच्या मानाने वय किती, याच्याइतकी बोलकी खूण दुसरी नाही.

आणि नजरेचं कौतुक मला सांगू नका. होझे अल्तुवेला स्काउटांच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) नजरेनेच घरी पाठवलं होतं, उंची कमी म्हणून. परत आला तेव्हा १५,००० डॉलरवर सही झाली. मग त्याने प्रत्येक पायरीवर हिट्स मारल्या आणि त्या आकड्यांनी त्याला वर नेलं.

ब्रिजवॉटरकर
अल्तुवेचा मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण आकडे तरी स्वच्छ असतात का? २०२३ च्या पूर्वार्धात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये चिकट लेप दिलेला बॉल वापरून पाहिला. पिचरांचे स्ट्राइकआऊट फुगले, आणि उत्तरार्धात बॉल बदलला. ट्रिपल-एचं अल्बुकर्की ५,००० फुटांच्या वर, तिथे उंच उडालेला बॉल खाली यायचं नाव घेत नाही. २०२३ मध्ये ट्रिपल-एच्या निम्म्या मॅचांत बॉल स्ट्राइक की नाही ते मशीन ठरवायचं, वर मेजर लीगमध्ये अंपायर. वॉकचे (चार बॉल सोडून मिळालेल्या फुकट बेसचे) आकडे एकास एक कसे लावणार?

आकडेमोड
म्हणूनच मैदान आणि लीग यांचा हिशेब करून आकडे दुरुस्त करतात. तुम्ही जे त्रास सांगताय ते सगळे आकडेवाल्यांनीच शोधले आहेत.

शिवाजीपार्क_कट्टा
मी बेसबॉल बघतो तो मुलाच्या नादाने, न्यू जर्सीत. पण हे वाचताना मुंबईचा फलंदाज अमोल मुझुमदार आठवल्याशिवाय राहत नाही. सचिन-कांबळीच्या भागीदारीत पॅड बांधून बसल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सांगत नाही. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा, कसोटी एकही नाही. रांगेत पुढे द्रविड, गांगुली, लक्ष्मण. अमेरिकेत निदान दुसऱ्या टीमशी ट्रेड होतो. आमच्या पोराने जायचं कुठे?

आकडेमोड
बघा, मुझुमदार आकड्यांनी कधीच नापास झाला नाही. त्याला बाहेर ठेवलं ते माणसांच्या मताने.

शिवाजीपार्क_कट्टा
आकडे असूनही निवडला नाही, मग तुमच्या तक्त्याने त्याचं काय भलं केलं? मुळात तो राहिला, चुकला, वाया गेला ही भाषाच मला खटकते. २००६-०७ ला त्याने मुंबईला रणजी जिंकून दिली. २०२५ मध्ये डी. वाय. पाटीलवर आपल्या मुली विश्वविजेत्या झाल्या तेव्हा कोच कोण होतं? मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी शून्य. त्यांची बॉलिंग ज्यांनी पाहिली त्यांना विचारा, हा माणूस 'पोचला नाही' म्हणतात का ते.

ओहायोची_माई
आमच्या टोलीडोचा बॅटर माइक हेसमन असाच माणूस. अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये ४३३ होमर, म्हणजे विक्रम. शेवटचा ऑगस्ट २०१५ मध्ये, भरल्या बेसवर. मेजर लीगमध्ये मात्र १४. इथले लोक त्याला अजून मानाने बोलावतात.

आता मूळ विषयावर दोन शब्द बोलते. 'नाव खोडा' लिहिणाऱ्यांनी ही पोरं राहायची कशी ते पाहिलंय का? क्लबांनी घर द्यायची सक्ती झाली २०२२ ला. त्याआधी आम्ही दोन उन्हाळे खेळाडू घरी ठेवले. एक डोमिनिकन पोरगा, सिंगल-एचा. पहिल्या रात्री राजमा-भात वाढला तर ताटाकडे बघतच राहिला, त्याच्या घरी रोज हेच. मग तिसऱ्यांदा वाढून घेतला. क्लबकडून मॅचनंतर मिळायचं ते ब्रेड आणि पीनट बटर. महिनाअखेरीस हातात येईल त्यातलं निम्मं आईला पाठवायचा, आणि रात्री बेसमेंटमध्ये आरशासमोर बॅट फिरवताना आवाज यायचा. त्याचं नाव तुमच्यासारख्याच एका यादीत खोडलेलं मी वाचलं आहे.

उनाड
माई, वाईट वाटतं, पण कुणी जबरदस्ती केली नव्हती. स्वप्न त्याचं, धोका त्याचा. इंटर्नशिप समजा.

ओहायोची_माई
इंटर्नशिप? सोळाव्या वर्षी सही करून घेतलेल्या पोराला? २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा केला की हंगामात आठवड्याच्या चाळीस तासांची किमान मजुरी दिली की झालं, राबवा कितीही. स्प्रिंग ट्रेनिंगचे (हंगामाआधीच्या सरावाचे) पैसे द्यायचं त्यात बंधन नव्हतं. सिंगल-एला वर्षाला ११,००० डॉलर मिळायचे. २०२२ ला युनियन झाली तेव्हा कुठे पुढच्या वर्षी २६,२०० झाले. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याचा स्ट्राइकआऊट दर मोजता, आणि वर मला धोका समजावता?

उनाड
शब्द चुकीच्या जागी लागला असेल. तरीही २०२१ ला मायनर लीगच्या १६० क्लबांचे १२० केले ते पैशाअभावीच ना?

ब्रिजवॉटरकर
पैशाअभावी? मेजर लीगच्या मालकांकडे पैसा नव्हता? चाळीसेक गावांच्या टीमचं मेजर लीगशी नातं तुटलं, त्यात ट्रेंटनही. ज्या मैदानावर जज खेळला त्या मैदानाची यांकीजशी गाठ सुटली. आमच्याकडे टीम आली त्याचा आनंद आहेच, पण ट्रेंटनवाल्यांसमोर तो बोलवत नाही.

आकडेमोड
माईंच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. २०२३ आधीच्या सिंगल-एच्या आकड्यांत उपास आणि बसप्रवास मिसळलेला आहे, तो दुरुस्त करायचं सूत्र कुणाकडे नाही. 'खोडा' हा शब्द पुढच्या आढाव्यातून काढतो. तीस टक्क्यांची अट मात्र राहणार. त्यावर मी हटणार नाही.

ब्रिजवॉटरकर
अट ठेवा. पण आकडे महिन्यांनी फोडून द्या. एप्रिलमध्ये अडतीस आणि ऑगस्टमध्ये चोवीस असलेला पोरगा वर्षाच्या सरासरीत एकतीस दिसतो, आणि तुमच्या अटीत अडकतो. माझा तो डावखुरा असाच अडकेल.

आकडेमोड
महिन्याभराचा नमुना तोकडा पडतो. तरी देतो. कंसात, लहान टायपात.

उनाड
शिवलकरांबद्दल एकच. बेदी असताना दुसरा डावखुरा स्पिनर कोण खेळवणार? हा दैवाचा भाग.

शिवाजीपार्क_कट्टा
दैव कसलं? प्रसन्ना आणि वेंकट दोघेही ऑफस्पिनर, एकाच कसोटीत खेळलेच की नाही? मग दोन डावखुऱ्यांना कुणाची हरकत होती? शिवलकर नाही तर राजिंदर गोयल, कुणालाही घ्या. उत्तर द्यायचं तर नीट द्या, मी जागाच आहे.