पथदिवे ‘स्मार्ट’ करायचा धंदा वाढेल, की एलईडीनेच त्याचा घास खाल्ला?

फीडरपिलर (धागाकर्ता)

स्मार्ट लायटिंगला म्हणे मोठं भवितव्य आहे. रस्त्यावरच्या दिव्यांपुरतं तरी मला ते पटत नाही. बचतीची मलई एलईडीने आधीच खाल्ली, स्मार्टच्या वाट्याला ताक उरलंय.

हिशोब मांडतो. 250 वॉटचा सोडियमचा पिवळा दिवा, त्याचा चोक धरून 280. त्याच्या जागी 120 वॉटचा एलईडी. दिवा वर्षाला साधारण 4,000 तास जळतो, म्हणजे 640 युनिट वाचले. हिशोबापुरते युनिटला 7 रुपये धरा, तर दिव्यामागे 4,480 रुपये. त्याला ना सिम लागलं, ना सर्व्हर.

आता त्याच दिव्यावर नोड, म्हणजे दिवा दुरून चालू-बंद किंवा मंद करणारी डबी, बसवा आणि रात्री 11 ते पहाटे 5 प्रकाश निम्म्यावर आणा. 60 वॉट, 6 तास, 365 रात्री: 131 युनिट, म्हणजे 920 रुपये. नोड, त्याचं सॉकेट आणि डिमिंगच्या (प्रकाश मंद करू देणाऱ्या) ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचा, जादा खर्च मिळून 2,500 धरले तर पावणेतीन वर्षांत वसूल. ठीक आहे. पण नगरपालिकेचे बहुतेक खांब गल्लीबोळातले, 20 वॉटचे. तिथे वर्षाला 22 युनिट, दीडशे रुपये. वसुलीला सोळा वर्षं! तोवर नोडच काय, त्याचं नेटवर्क तरी जिवंत असेल का?

आणि बचतच हवी असेल तर 11 नंतर एकाआड एक खांब बंद करा. वेगळा फेज आणि 600 रुपयांचा टायमर, काम झालं.

कॉन्टॅक्टर

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते धोक्याचं आहे. आयएस 1944 या पथदिव्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे मोठ्या रस्त्याला सरासरी 30 लक्स (उजेडाचं माप) तर लागतातच, पण सर्वांत अंधाऱ्या जागेचं सरासरीशी प्रमाणही 0.4 च्या खाली जाऊन चालत नाही. 35 मीटरवरचे खांब एकाआड एक बंद केलेत की अंतर 70 मीटर होतं आणि मधे काळोखाचा पट्टा पडतो. त्या पट्ट्यातला दुचाकीवाला दिसत नाही. सगळे दिवे निम्म्यावर आणले तर लक्स निम्मे होतात, प्रमाण मात्र तेच राहतं. डिमिंगचे पैसे यासाठी मोजायचे.

दुसरं, तुम्ही स्मार्ट म्हणजे फक्त डिमिंग धरलंत. खरा पैसा जळण्याच्या तासांत आहे. फीडर पिलरमधल्या, म्हणजे दिव्यांना वीज वाटणाऱ्या पेटीतल्या, कॉन्टॅक्टरचे (मोठ्या स्विचचे) पॉइंट चिकटले की भर दुपारी दिवे चालू. 40 वॉटचे 60 दिवे म्हणजे 2.4 किलोवॉट, दिवसाचे 12 तास धरले तर रोजचे जवळपास 29 युनिट फुकट. कोणी तक्रार करेपर्यंत तीन आठवडे सहज जातात, कारण दिवसा जळणाऱ्या दिव्याची तक्रार करतो कोण? पिलरमध्ये सीसीएमएस पॅनल, म्हणजे त्या पिलरवरच्या सगळ्या दिव्यांवर दुरून नजर ठेवणारं, असेल तर सकाळी सातलाच मेसेज येतो.

तिसरं, जानेवारी 2015 मध्ये राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पायाच मोजमापाचा होता. कार्यक्रम राबवणारी संस्था गुंतवणूक करणार, पालिका वाचलेल्या बिलातून हप्ते फेडणार. हुदहुद वादळानंतर विशाखापट्टणमला नव्वद हजारांच्या आसपास दिवे बदलले गेले, तेही याच धर्तीवर. किती तास जळले आणि किती बंद होते हे मोजलंच नाही, तर हप्ता कशाच्या आधारावर द्यायचा?

गंजलेला_नट

दोघेही कागदावर बरोबर. खांबावर चढल्यावर काय होतं ते सांगतो.

सात पिनांचा नोड सॉकेटमध्ये बसवून पूर्ण फिरवावा लागतो. बकेट गाडीवरचा माणूस अर्धवट फिरवून खाली उतरतो, दिवा लागतो, फोटो निघतो. पहिल्या पावसात गॅस्केटखालून पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात.

मग नोडमधला रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा छोटा स्विच. दिवा लावताना एलईडी ड्रायव्हर काही मायक्रोसेकंद 50-60 अँपिअरपर्यंत ओढतो. रिले व्होल्टेज शून्यावर येतं त्याच क्षणी जोडणारा नसेल तर पॉइंट वेल्ड होतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये ‘बंद’, खांबावर चालू.

सर्वांत वाईट म्हणजे न्यूट्रल, अर्थात परतीची तार, तुटणं. दिवे आर-वाय-बी या तीन फेजवर वाटलेले असतात. न्यूट्रल गेला की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज 400 कडे चढतं. 10 केव्हीचा सर्ज अरेस्टर इथे उपयोगाचा नाही. तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. तासभर 400 व्होल्ट मिळाले तर आधी तोच भाजतो. ड्रायव्हरला 440 व्होल्ट सतत सोसायची क्षमता वेगळी मागावी लागते, आणि नोडलाही. निविदेत ड्रायव्हरसाठी ती अट हल्ली दिसते, नोडसाठी विसरतात. मग दिवे वाचतात आणि नोड मरतात.

खांबाची अर्थिंगची पट्टी भंगारात गेलेली असेल तर अरेस्टर नुसता शोभेचा, हे वेगळं सांगायला नको.

खालचा_मजला

रस्त्यावरून जरा घरात या. वाय-फाय बल्ब इथे का रखडला? कारण आपण भिंतीवरचं बटण दाबतो. बटण बंद, की बल्ब ॲपवरून गायब. बटण कायम चालू ठेवलं तर 9 वॉटचा बल्ब पाच तास लावून 45 वॉट-तास खातो, उरलेले 19 तास नुसता वाट पाहत अर्ध्या वॉटने साडेनऊ. म्हणजे वीस टक्के वर!

त्यापेक्षा बटणामागे बसणारं मॉड्यूल बरं. त्याला न्यूट्रल लागतो, पण आपल्या बोर्डात सॉकेट असतं म्हणून न्यूट्रल बहुधा मिळतो. पलंगाजवळच्या टू-वे बटणाच्या पेटीत तो नसतो, तिथे गाडी अडते.

विकलं काय जातंय ते पाहा: सोसायटीच्या पार्किंगमधली सेन्सरवाली ट्यूब. कोणी नसताना वीस टक्क्यांवर, माणूस आला की पूर्ण. ॲप नाही, पासवर्ड नाही, सेक्रेटरी बदलला तरी चालते.

फीडरपिलर

@कॉन्टॅक्टर, एकाआड एकचा मुद्दा मागे घेतो. पण तुमचं उदाहरण पिलरमधल्या पॅनलचं आहे. साठ दिव्यांमागे एक पॅनल हे मलाही मान्य. वाद खांबाखांबावरच्या नोडचा आहे, आणि वाढीचे सगळे आकडे नोड धरून रंगवलेले असतात.

कॉन्टॅक्टर

पॅनलला मर्यादा आहे. 2,400 वॉटमधून 40 वॉट कमी झाले हे चांगल्या मीटरला कळतं, कोणता खांब ते कळत नाही. त्यात गणपतीत मांडवाची रोषणाई त्याच फीडरवर आकडा टाकून घेतली, की सगळं गणित झोपलं. त्यामुळे हमरस्त्यावर, 90 वॉटच्या वर, नोड. गल्लीत फक्त पॅनल. सरसकट नोड लावणाऱ्या निविदा मलाही पटत नाहीत.

धंद्याला खरा अडसर मात्र बंदिस्तपणाचा वाटतो. एकाचा नोड दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला बोलत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर आणि नोड एकमेकांशी बोलावेत म्हणून टाल्कसारखं खुलं प्रमाण 2012 पासून घडतंय, कोणाचाही नोड बसावा म्हणून झागा प्रमाणाचं सॉकेट आहे, तशाच खुल्या डी4आय प्रमाणाचे ड्रायव्हर आहेत. आपल्या निविदेत मात्र ‘स्मार्ट नियंत्रण सुविधेसह’ एवढंच लिहितात. पाच वर्षांनी ठेका संपला की सर्व्हर त्याचा, पासवर्ड त्याचा. पालिकेकडे उरतात खांबावरच्या प्लास्टिकच्या टोप्या.

गंजलेला_नट

आणि सिम. पॅनलमधलं 13 आकडी सिम ठेकेदाराच्या नावावर असतं. पालिकेकडे त्याचं बिल थकलं की तो रिचार्ज थांबवतो आणि एका रात्रीत गाव ऑफलाइन. पॅनलमध्ये ॲस्ट्रो टायमर असेल, म्हणजे सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारा, तर दिवे तरी लागतात. जुनी पॅनल 2जी मोडेमवर आहेत, त्यांचं आयुष्य टॉवरवाल्याच्या मर्जीवर. खांबासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झचा विनापरवाना रेडिओ पट्टा वापरून नोडचे संदेश गेटवेपर्यंत, म्हणजे ते गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्रापर्यंत, आणले तर सिमची संख्या घटते, पण गेटवे कुठल्या इमारतीवर बसवायचा आणि त्याला वीज कोण देणार हे करारात लिहून घ्या.

फीडरपिलर

म्हणजे गल्लीतले दिवे वगळायचे, हे तुम्हालाही मान्य. मग ‘शहरातले सगळे दिवे’ धरून काढलेला बाजार निम्म्यावर आला, की त्याहून खाली? तुमच्या पालिकेत 90 वॉटच्या वरचे खांब शेकडा किती, तेवढं मोजून टाका इथे.