मदत हवी आहे: शेरूला पेम्फिगस, अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरचे. आमचा शेरू, साडेसहा वर्षांचा गावठी कुत्रा, वजन 22 किलो. फेब्रुवारीत नाकावर पिवळट पुळ्या आल्या, त्यांची खपली झाली, मग कानांच्या आत आणि पंजांच्या गाद्यांवर. आधी गोचीड, मग बुरशी समजून दोन महिने मलमं लावण्यात गेले. शेवटी बायोप्सीत पेम्फिगस फोलिएशस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटलेली.

प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) रोज 40 मिलिग्रॅम चालू आहे. खपल्या निम्म्यावर आल्या, पण पाणी ढसाढसा पितो, रात्री तीनदा बाहेर न्यावं लागतं. भूक तर विचारू नका, परवा आईने डब्यात ठेवलेल्या सात कडक भाकऱ्या फस्त केल्या! चटणीला मात्र तोंड लावलं नाही.

आता डॉक्टर म्हणतात, अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) जोडू, म्हणजे प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवता येईल. त्याचा गुण यायला महिना-दीड महिना लागतो, आणि सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी व लिव्हर तपासावं लागतं, हे कळलं. मला धास्ती तीच.

कुणी हे औषध दिलंय का? पेशी घटल्या होत्या का? सायक्लोस्पोरिन (तशाच प्रकारचं दुसरं औषध) घेतलं असेल तर महिन्याचा खर्च किती आला? सोलापुरात कुत्र्यांचं रक्त नीट तपासणारी लॅब कोणती? उन्हाने हा आजार वाढतो म्हणतात, तर आपल्या उन्हाळ्यात फिरवायचं कधी, पहाटे पाचला?

हळद-तेलाचे उपाय कृपया नकोत, करून झालेत.