‘वॉकर’ म्हणजे चालणारा का?

प्रश्न

माझी भाची लीड्सला असते, तिच्या नवऱ्याचं आडनाव वॉकर. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या सासऱ्यांनी भिंतीवरची फ्रेम दाखवली. ढाल, सिंह, खाली घराण्याचं नाव. आमचा मूळ पुरुष १३७९ च्या करयादीत सापडला म्हणून स्वारी खूश. मी आपली विचारून बसले, ‘म्हणजे ते फार चालायचे का?’ सगळे हसले, पण अर्थ कुणीच सांगितला नाही. या शब्दाचा अर्थ काय? आणि आडनावाचा धागा धरून इतकं मागे जाता येतं का?

प्रतिसाद

चालायचेच, पण जागच्या जागी!

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते हौदात टाकायचं, त्यावर पाणी, चिकणमाती आणि (नाक दाबून वाचा) शिळं मूत्र ओतायचं आणि पायांनी तुडवत राहायचं. तेल सुटतं, धागे एकमेकांत गुंततात, कापड आटून दाट होतं. हे काम करणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीत ‘वॉक’ या क्रियापदाच्या मूळ रूपाचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता. पायी चालण्याचा अर्थ मागाहून चिकटला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हेच काम पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे करू लागले, तरी नाव पायांचंच राहिलं.

गंमत अशी की याच कामाला इंग्लंडात तीन शब्द होते. उत्तरेत आणि मिडलंड्सकडे वॉकर, आग्नेयेला फुलर, डेव्हन-सॉमरसेटच्या बाजूला टकर. तिन्ही आडनावं झाली. त्यामुळे उत्तरेतल्या लीड्सचा वॉकर अगदी आपल्या जागी आहे. हौदात घालायच्या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, म्हणजे आपली मुलतानी माती. तुम्ही चेहऱ्याला लावता, ते कापडाला लावत.

प्रतिसाद

व्हिस्कीच्या बाटलीवरच्या त्या ढांगा टाकणाऱ्या साहेबाने घोळ घातला आहे. आपला बद्रुद्दीन काझी त्या बाटलीवरून जॉनी वॉकर झाला. कापड तुडवण्याशी त्याचा काय संबंध!

प्रतिसाद

थोडं अवांतर. ‘सरनेम’मधला ‘सर’ म्हणजे साहेब नव्हे. तो फ्रेंचातून आलेला, अर्थ ‘वर’. सरनेम म्हणजे नावावर चढवलेलं नाव. खुद्द इंग्रजांनाही तो बापाशी संबंधित ‘सायर’ वाटला आणि काही जण स्पेलिंग तसंच करू लागले. आपलं ‘आडनाव’ मला जास्त आवडतं. आडवाट, आडरस्ता, तसं आडनाव: मुख्य नावाच्या बाजूने जाणारं.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. फ्रेमवाल्यांना वाईट वाटेल, पण सांगायला हवं.

१३७९ ची डोईपट्टीची (माणशी कराची) यादी खरी आहे, वेस्ट रायडिंगची, म्हणजे यॉर्कशरच्या लीड्सकडच्या पश्चिम भागाची तर उत्तम टिकली आहे. त्यात वॉकर भेटणारच. प्रश्न असा की तो माणूस वॉकर ‘आडनावाचा’ होता की वॉकर ‘धंद्याचा’? इंग्लंडात आडनावं बापाकडून मुलाकडे पक्की जाऊ लागली ती साधारण १२५० ते १४०० च्या दरम्यान. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. म्हणजे यॉर्कशरमध्ये ही यादी अगदी ऐन उंबरठ्यावरची. तिथे बाप वॉकर आणि मुलगा स्मिथ, असंही होऊ शकतं.

उलट लंडनचं उदाहरण बघा. चॉसर या शब्दाचा अर्थ पायमोजे-पादत्राणं करणारा. पण कवी जेफ्री चॉसरचे वडील आणि आजोबा दारूचे व्यापारी, आणि तो स्वतः १३७४ पासून लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब बघणारा. पादत्राणं मागे कुठेतरी राहिली, नाव पुढे आलं. आपल्याकडचे देशपांडे आता कुठे परगण्याचे हिशेब लिहितात?

शिवाय कापड तुडवणारे गावोगाव होते. प्रत्येक गावात स्वतंत्रपणे वॉकर जन्मले, त्यामुळे सगळ्यांचा मूळ पुरुष एक नाही. चर्चमध्ये बारसं, लग्न, दफन नोंदवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढला तो १५३८ मध्ये. त्याआधीची दीडशे वर्षं साध्या माणसाला जमिनीचे आणि कोर्टाचे कागदच जोडून घ्यावे लागतात. भाचीच्या सासऱ्यांनी ती दीडशे वर्षं कशी भरली, ते नक्की विचारा.

आणि ढाल-सिंह? इंग्लंडात कुलचिन्ह माणसाला मिळतं, त्याच्या वंशजांना जातं. आडनावाला मिळत नाही. अशा फ्रेमा दुकानात नावानुसार रांगेने लावलेल्या असतात.

प्रतिसाद

कागद असले तरी रक्ताची खात्री नाही. राजा तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये लेस्टरच्या पार्किंगखाली सापडला. आईकडची जनुकं आजच्या नातलगाशी जुळली, पण पुरुष वंशातल्या आजच्या वारसांचं वाय गुणसूत्र (जे बापाकडून मुलाकडे जातं) त्याच्याशी जुळलं नाही. म्हणजे लेखी वंशावळीत कुठेतरी, कुणाच्या तरी बायकोने, असो. राजघराण्याच्या वंशावळीची ही गत!

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. फ्रेमबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्या भाचीला तिथे नांदायचंय. मुलतानी मातीचं मात्र सांगितलं, सासूबाई लोटपोट.

आमचं माहेरचं आडनाव रंगारी. आजोबा पोस्टात होते, त्यांनी कधी रुमालही रंगवला नाही. रंगाऱ्याला यॉर्कशरमध्ये काय म्हणायचे?

प्रतिसाद

लिस्टर. तिकडे ते आडनाव भरपूर सापडेल. वॉकरने कापड तुडवून दिलं की पुष्कळदा ते लिस्टरकडेच जायचं.

मूळ प्रश्नकर्ती

हे आधी कळलं असतं तर पत्रिका बघायची गरज नव्हती.