गावच्या चर्चला सार्वजनिक पैसा द्यावा का?

नांगरट (धागाकर्ता)

युरोप-अमेरिकेतल्या खेड्यांची गेल्या काही दशकांची कहाणी बरीचशी सारखी आहे. बँकेची शाखा बंद झाली, टपाल कार्यालय गेलं, दुकान गेलं, पट कमी म्हणून शाळा शेजारच्या गावात हलली. सगळं गाव मावेल अशी एकच इमारत उरली, ती चर्चची. चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत धर्मसंस्थेकडे सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश ग्रामीण भागात आहेत. रविवारी येणारी डोकी मोजकीच, आणि छपराचा खर्च मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचा.

माझं मत स्पष्ट आहे: अशा चर्चला सरकारने आणि स्थानिक संस्थांनी पैसा द्यावा, पण तो गावाच्या कामाशी बांधून द्यावा. हेरफर्डशायरमधल्या यारपोल या गावात चर्चच्या आतच दुकान आणि टपाल सेवा सुरू झाली. गावकरीच ती चालवतात आणि प्रार्थनाही तिथेच होते. २०१८ साली ब्रिटिश सरकार आणि चर्च ऑफ इंग्लंड यांच्यात करार झाला की ग्रामीण भागात इंटरनेट आणि मोबाइलची रेंज पोहोचवायला चर्चचे मनोरे वापरावेत. गावातली सर्वांत उंच जागा आयती उभी असताना नवा टॉवर कशाला?

अडचण बरेचदा कायद्याची असते. इंग्लंडमधल्या गाव-परिषदा १८९४ च्या कायद्याने अस्तित्वात आल्या, आणि त्यातल्याच एका कलमाचा अर्थ असा लावला जाई की चर्चच्या मालमत्तेवर परिषदेला खर्च करता येणार नाही. नंतरच्या कायद्यांनी ती आडकाठी दूर झाली असं काहींचं म्हणणं होतं, पण सावध लोक हात आखडताच घेत. सार्वजनिक घड्याळावर खर्च चालतो, दफनविधी बंद झालेल्या दफनभूमीची देखभाल परिषदेकडे सोपवता येते, पण घड्याळ ज्या भिंतीवर आहे ती भिंत ढासळली तर प्रश्नचिन्ह! हा घोळ शेवटी २०२३ च्या कायद्यात एका कलमाने मिटवला. जवळजवळ १३० वर्षांनी.

आता दार उघडलंय, तर पैसा जाऊ द्या, असं मी म्हणतो. विरोधी मतांचं स्वागत.

त्रयस्थ

विरोधी मत घ्या मग. हे दार ज्यांनी बंद केलं होतं त्यांना वेड लागलं नव्हतं. इंग्लंडमध्ये पूर्वी चर्चच्या देखभालीसाठी गावातल्या सगळ्यांकडून पट्टी वसूल व्हायची, त्या चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणाऱ्यांकडूनही. इतर पंथांच्या ख्रिश्चनांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण केलं, काहींनी पट्टी न भरल्याबद्दल तुरुंगवासही भोगला. १८६८ मध्ये सक्ती उठली. तुम्ही तीच पट्टी मागच्या दाराने परत आणताय, फक्त आता तिला ‘समाजोपयोगी निधी’ म्हणायचं.

आणि चर्च गरीब आहे का? चर्च ऑफ इंग्लंडचा मध्यवर्ती गुंतवणूक निधी १० अब्ज पौंडांहून मोठा आहे. आधी त्यांनी आपला खिसा मोकळा करावा, मग करदात्याच्या खिशाला हात घालावा.

दुकान हवंय तर दुकानाला पैसे द्या. टपाल हवंय तर टपालाला द्या. मध्ये देव कशाला?

नांगरट

त्या १० अब्जांचा आणि गावच्या छपराचा फारसा संबंध नाही, हेच लोकांच्या लक्षात येत नाही. मध्यवर्ती निधीतून निवृत्तिवेतनाच्या जुन्या जबाबदाऱ्या, बिशपांचा खर्च, डायोसिसना (एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागांना) मदत असं बरंच भागवलं जातं. इमारत मात्र त्या त्या गावच्या चर्च समितीच्या गळ्यात. वर गावाने दरवर्षी डायोसिसला वाटा द्यायचा, त्यातून पाद्रींचे पगार होतात. म्हणजे पैसा बव्हंशी गावातून वर जातो.

त्रयस्थ

मग भांडण गावाचं आणि डायोसिसचं आहे. त्यात सरकारने का पडावं?

वाटसरू

दोघांनाही एक उलटं उदाहरण देते. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य यांची फारकत झाली. पण तिथल्या कॅथलिक चर्चने कायद्याला हव्या तशा संघटना स्थापन करायला नकार दिला, आणि त्या झटापटीत त्या काळी उभी असलेली गावोगावची चर्च स्थानिक नगरपालिकांच्या मालकीची झाली. कॅथेड्रल बहुतांशी सरकारच्या मालकीची. परिणाम असा की जगातल्या सर्वांत कडक धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या देशात दोनशे वस्तीच्या गावाचा नास्तिक महापौर चर्चच्या छपराची निविदा काढत बसतो. भिंत घालायला गेले आणि भिंतीचाच खर्च अंगावर आला.

खरी मेख पुढे आहे. मालकी गावाची असली तरी वापर उपासनेसाठी राखीव आहे. तिथे मैफल ठेवायची, प्रदर्शन भरवायचं, तर पाद्रींची संमती लागते. पैसा एकाचा, किल्ली दुसऱ्याकडे.

२०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी छोट्या गावांतल्या धार्मिक वास्तूंसाठी राष्ट्रीय देणगी मोहीम सुरू केली. दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांतल्या वास्तूंसाठी दिलेल्या देणगीवर ठरावीक मर्यादेत ७५ टक्के करसवलत जाहीर झाली. चांगली गोष्ट आहे, पण करसवलत म्हणजे अखेर सरकारी तिजोरीच. त्यामुळे ‘चर्चला सरकारी पैसा नको’ ही भूमिका कागदावर जितकी सरळ दिसते तितकी गावात उतरल्यावर राहत नाही.

त्रयस्थ

उलट तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. गावाने शंभर वर्षं पैसा ओतला आणि गायनाचा कार्यक्रम ठेवायला अजून परवानगी मागतंय.

कागदोपत्री

मी निधीचे अर्ज भरण्याच्या कामात आहे, म्हणून तत्त्वांपेक्षा जरा खालच्या पातळीवरचं लिहितो. लांबलचक आहे, माफी असावी.

पहिली गोष्ट. निधी देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी उभं केलेलं आवडतं. छप्पर, स्वच्छतागृह, छोटं स्वयंपाकघर, व्हीलचेअरसाठी उतार. उद्घाटन होतं, फोटो निघतो, अहवालात जातो. त्या जागेचं कुलूप रोज सकाळी कोण उघडणार, हिशेब कोण लिहिणार, वीजबिल कोण भरणार, यासाठी पैसे मागितले की अर्ज बाजूला पडतो. ‘प्रकल्प स्वावलंबी कसा होईल?’ हा रकाना मी इतक्या वेळा भरलाय की त्यातली वाक्यं आता झोपेतही येतील, आणि त्यांच्यावर भरणाऱ्याचाही विश्वास नसतो, वाचणाऱ्याचाही नसतो.

दुसरी. बहुतेक योजनांत स्वतःचा हिस्सा आधी दाखवावा लागतो, किंवा आधी खर्च करून मग परतावा मागावा लागतो. ब्रिटनमध्ये वारसा म्हणून नोंदलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीवरचा व्हॅट परत देणारी, २००१ मध्ये सुरू झालेली योजना घ्या. व्हॅट २० टक्के, म्हणजे रक्कम मोठी. पण आधी कंत्राटदाराचं बिल चुकवायला हातात पैसे लागायचे. शिवाय अशा योजना थोड्या थोड्या मुदतीने वाढवल्या जातात आणि मध्येच नियम बदलतात. २०२५ च्या जानेवारीत सरकारने सांगितलं की एका वास्तूला वर्षाला २५,००० पौंडांहून जास्त मिळणार नाही. ज्यांनी आधीच मोठं काम काढलं होतं त्यांचा हिशेब तिथेच कोलमडला.

तिसरी, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. निधी गरजेच्या मागे जात नाही, अर्ज लिहिता येणाऱ्याच्या मागे जातो. ज्या गावात एखादे निवृत्त हिशेबनीस किंवा वास्तुविशारद राहायला आलेत, त्या गावाला तीन ठिकाणचे निधी मिळतात. ज्या गावात शेतमजूर आणि म्हातारी माणसं उरलीत त्यांना योजनेचं नावही कळत नाही. त्यामुळे चर्चला द्या की सभागृहाला द्या हा वाद मला दुय्यम वाटतो. आठ-दहा गावांत मिळून एक पगारी माणूस द्या, जो अर्जही लिहील आणि दारही उघडेल. मग ते दार कुणाचं आहे ते बघू.

मका

कागदोपत्री यांना +१. अमेरिकेतलं एक जुनं खासगी उदाहरण आहे. तंबाखू आणि वीज यांत पैसा केलेल्या जेम्स ड्यूक यांनी १९२४ मध्ये ‘ड्यूक एंडाउमेंट’ स्थापन केलं. त्यातला एक वाटा नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रामीण मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चसाठी राखलेला, आणि ग्रामीण म्हणजे किती तर वस्ती १,५०० पर्यंत, हेही मूळ दस्तऐवजातच लिहून ठेवलेलं. सुरुवातीला इमारती बांधणं, त्यांची डागडुजी, निवृत्त पाद्रींना मदत अशी कामं होती. आता त्याच पैशातून मुलांचे उन्हाळी वाचनवर्गही चालतात. वाचनवर्ग म्हणजे शिक्षकांचा पगार, भिंतीचा रंग नव्हे. शंभर वर्षं चालणारा निधी असेल तर हे जमतं, तीन वर्षांच्या योजनेत जमत नाही.

सरकारी बाजूला, अमेरिकेच्या कृषी खात्याची २०,००० पर्यंतच्या वस्तीसाठी सामुदायिक सुविधांची योजना आहे. धर्माशी जोडलेल्या ना-नफा संस्थाही अर्ज करू शकतात. अट अशी की थेट मिळालेला सरकारी पैसा प्रार्थना, धर्मशिक्षण, प्रसार यांवर लागता कामा नये. ते सगळं वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी, आणि मदत घेणाऱ्याला त्याची सक्ती नाही. त्रयस्थ, ही भिंत तुम्हाला का पुरत नाही?

त्रयस्थ

कारण ती वहीत असते. मोठ्या शहरात एका ठिकाणी धान्यवाटपाआधी प्रार्थना झाली तर माणूस दुसरीकडे जातो. गावात दुसरीकडे नसतंच. अट मोडली म्हणून तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? ज्यांच्याशी रोज गाठ पडते त्यांच्याविरुद्ध. घटस्फोट घेतलेली बाई, समलिंगी मुलगा, दुसऱ्या धर्माचं एखादंच घर, यांना त्या दारातून आत जाताना काय वाटतं हे लेखापरीक्षणात दिसत नाही.

वाटसरू

हा मुद्दा वजनदार आहे. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही.

सुईदोरा

आपल्याकडचं एक घेऊ, कारण ‘देव मध्ये आला की गडबड’ हे सूत्र तिथे लागू पडत नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पैसा मोठ्या इमारतीत अडकवण्याऐवजी गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्या कामावर प्रकरण आहे, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळाला. श्रद्धा त्यांची होती, प्रकल्प गावाचा.

जर्मनीही बघा. तिथलं सरकार १९६२ पासून चर्चच्या मध्यवर्ती संस्थांमार्फत परदेशातल्या विकासकामांना पैसा देतं. धर्मप्रसाराला तो वापरता येत नाही. त्यामागचा विचार असा की सरकारी यंत्रणेला जी गावं दिसतही नाहीत तिथे चर्चची माणसं आधीच असतात.

आणि हा पैसा खाली झिरपायचा तो साखळीने: मोठी संस्था, मग छोटी, मग गाव. भारतात परकी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसरीला ती देणगी पुढे देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. हे नियम सगळ्याच धर्मांच्या संस्थांना आणि धर्माशी संबंध नसलेल्यांनाही लागू आहेत. पारदर्शकतेचा युक्तिवाद मला समजतो. पण ज्यांना त्या दुरुस्तीने सक्तीचं केलेलं दिल्लीतलं बँक खातं आणि जाणकार सनदी लेखापाल परवडतो त्या संस्था टिकतात, गावातली चार माणसांची संस्था गळते. आणि कार्यकर्त्याचे बरेचसे पगार ‘प्रशासकीय’ खात्यात ढकलले जातात, म्हणजे कागदोपत्री म्हणतात तो दार उघडणारा माणूसच आधी जातो.

त्रयस्थ

जामखेडला माझा सलाम आहे. पण ते चर्चची इमारत वाचवायला गेले नव्हते. धागा इमारतीचा होता.

नांगरट

बरोबर, म्हणून माझी मागणी नेमकी करतो. कागदोपत्रींचा पगारी माणूस मान्य. इमारतीला पैसा द्यायचा तर वाटसरूंनी सांगितलेल्या फ्रान्सच्या चुकीवर उपाय आधी: आठवड्यातले ठरावीक दिवस वापराचा हक्क गावाच्या निवडून आलेल्या समितीला, तोही किमान वीस वर्षांच्या लेखी कराराने. चर्च विकलं तर अनुदानाचा हिस्सा गावाला परत. हे मान्य नसेल तर त्या चर्चला दमडीही देऊ नये.

त्रयस्थ

लेखी करार असेल तर माझा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा त्या समितीत कोण बसणार यावर. लहान गावात चर्चच्या समितीतली माणसं आणि गाव-परिषदेतली माणसं बरेचदा तीच असतात.

कागदोपत्री

असतातच. दोन्ही बाजूंच्या सह्या एकाच पेनाने झालेल्या मी पाहिल्यात. करारात एक ओळ टाका: समितीतले निम्मे सदस्य चर्चच्या मतदारयादीत नसलेले हवेत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तशी यादी प्रत्येक गावाची असते, त्यामुळे तपासणं सोपं आहे. बाकी देशांत काय करायचं ते मका आणि वाटसरू सांगतील.