भाकरी की नाचणी, हे मीटरलाच विचारा

मधुमेह असलेल्या एकांनी विचारलंय की ज्वारीची भाकरी खाऊनही रक्तातली साखर २०० (mg/dL) च्या पुढे जाते, मग नाचणी सुरू करावी का. आधी पीठ मोजा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन ऐसपैस भाकऱ्यांना १०० ग्रॅम पीठ सहज लागतं. दोष बऱ्याचदा धान्याचा नसतो, आकाराचा असतो.

नाचणीची पातळ आंबील आणि नाचणीची भाकरी एकच समजू नका. बारीक पीठ, वर शिजवून पातळ केलेलं, ते भराभर पचतं.

घरच्या ग्लुकोमीटरवर तपासायचं असं: जेवणाआधी एक रीडिंग, पहिल्या घासापासून (शेवटच्या नव्हे!) दोन तासांनी दुसरं. फरक लिहा. पिठलं, भाजी, वेळ तेच ठेवून फक्त भाकरी बदला, आणि प्रत्येक प्रकार निदान तीन दिवस. मीटरमध्येच १५ टक्क्यांपर्यंत चूक चालते, त्यामुळे १०-१२ आकड्यांच्या फरकावरून निकाल लावू नका. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटावर साखर भलतीच दिसते. जेवणानंतर एके दिवशी फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी लवंडलात, तर ती तुलना बाद.

दोन तासांनी १८०च्या आत हे नेहमीचं लक्ष्य, पण तुमचं डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर त्यांना न विचारता भाकरी अर्धी करू नका. ७० च्या खाली गेल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.