रिमला पट्टी लावणारे सगळे आंधळे असतात का?

गंगापूररोडकर
परवा इथेच एका सदस्याने लिहिलं, 'अलॉयच्या रिमला, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला, रबरी पट्टी चिकटवणं म्हणजे घोड्याला पैंजण. ज्याला कडेला गाडी लावता येत नाही त्याने रिक्षा करावी.' खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

मी २२ वर्षं गाडी चालवतोय. रिमची कडा फुटपाथला घासू नये म्हणून चारही चाकांना पट्टी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. नवी गाडी घेऊन सतरावा दिवस. नाशिकच्या कॉलेज रोडला औषधाच्या दुकानासमोर कडेला घेत होतो, तेवढ्यात मागून टेम्पो अंगावर आला, मी आणखी वीतभर डावीकडे घेतलं आणि खर्रर्र. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. उतरून बघतो तर पुढच्या डाव्या रिमची कडा हवा भरायच्या व्हॉल्व्हपासून तळहाताएवढी खरवडलेली, चकाकी जाऊन राखाडी खवले. बोट फिरवलं तर बोटाला कुसळ लागावं तसं टोचलं. ती रिम दुरुस्त करून मगच पट्ट्या लावल्या.

डायमंड कट रिम म्हणजे साधा रंग नव्हे, की डाग दिसला, मारला हात. अख्खं चाक लेथवर चढवून धातूचा पातळ थर उतरवायचा आणि वर पुन्हा लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचं. हे फार तर दोन-तीनदा चालतं. पट्टी झिजली तर पट्टी बदलू, रिम कुठून आणू? आपल्या आजोबांनी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवली, तेव्हा कुणी म्हणालं का, की तुम्हाला बैल हाकता येत नाहीत?

सातपूरचा_लेथवाला
साहेब, धाव तापवून लाल करतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओतून आवळतात. ती चिकटपट्टीने लावत नाहीत. आणि धाव म्हणजे त्या चाकाचा टायर होता, रिमची झूल नाही. उदाहरण तरी नीट द्या.

माझं कामच रिम दुरुस्तीचं आहे, म्हणजे तुमची पट्टी कुचकामी निघाली तर माझा फायदा. तरी सांगतो, लावू नका. गेल्या आठवड्यात एक चाक आलं. लाल पट्टी, बाहेरून नवरीसारखं. पट्टी उपटली तर खाली काळा चिखल आणि बारीक वाळू, इंजिनचे व्हॉल्व्ह ग्राइंड करायची पेस्ट असते ना, तसला लगदा. गाडी चालली की पट्टी अगदी किंचित हलते आणि तो लगदा लॅकर घासत बसतो. एकदा लॅकर फुटलं की ओल आत शिरते आणि लॅकरखालून पांढऱ्या किड्यासारख्या रेघा धावायला लागतात. उघड्या रिमवर ओरखडा पडला तर दिसतो तरी. तुमच्या पट्टीखाली दोन पावसाळे ओलं पोटीस बांधलेलं असतं, आणि मालक खूश, की रिम सुरक्षित आहे.

गंगापूररोडकर
कारण लावणाऱ्याने कडा पुसलीच नसेल! मी स्वतः शाम्पूने धुतली, सुकवली, स्पिरिटने पुसली, रात्रभर गाडी हलवली नाही. आणि तुम्ही दोन वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात भरताय. एक चिकटणारी पट्टी. दुसरी टायर आणि रिमच्या फटीत दाबून बसवायची कडी. तुमच्या चाकाला कुठली होती?

सातपूरचा_लेथवाला
चिकटणारी. पण दुसरीचं कौतुक नको. ती बसवायला हवा काढून टायर जरा मागे दाबावा लागतो. टायर जिथे रिमला धरून बसतो तिथे परकी वस्तू घालायचीच कशाला? आणि पंक्चरला आतून पॅच मारायची वेळ आली की मशीनवाला ती आधी उपटणार. परत तशीच बसवेल याची खात्री तुम्ही देता?

निफाडचा_बागाईतदार
लेथवाल्या भाऊंशी सहमत, अनुभवाने. आमच्याकडची काळी माती ओली झाली की चपलेला सोडत नाही, तुमच्या पट्टीला काय सोडणार. वॉशिंग सेंटरवर पोराने जोराचा फवारा जवळून मारला आणि पट्टीचं टोक सुटलं. मला पत्ता नाही. पिंपळगावच्या पुढे हायवेला लागलो तर फट-फट-फट-फट. वाटलं बेअरिंग गेलं. खाली उतरलो तर हातभर पट्टी लोंबतेय आणि मडगार्डला चाबूक मारतेय. उपटली आणि द्राक्षाच्या क्रेटवर टाकली, आजही तिथेच आहे.

पण मला खरा राग वेगळाच आहे. चार चाकांना मिरवायला अलॉय, आणि डिकीत बघा. स्टेपनी स्टीलची, एक नंबर लहान, वर '८० च्या पुढे नको' असं स्टिकर. लोकांना बाहेरच्या ओरखड्याची चिंता आणि आत कंपनी काय देते ते बघत नाहीत.

घोटीचा_प्रवासी
स्टेपनीचं नाव काढलंत, आता ऐका. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. डिकी मोठी, वजन कमी. मीही भुललो. मग कसारा घाट, रात्रीचे साडेअकरा, पाऊस. दगडाने टायर कडेला फाटला. बोट जाईल एवढा. आता किट काढा! ते औषध तळव्यातल्या खिळ्याच्या भोकाला असतं हो, फाटलेल्या बाजूला नाही. बायको, आई, दोन पोरं गाडीत बसून, मी छत्री धरून उभा. इगतपुरीहून गाडी उचलायला ट्रक आला तेव्हा दीड वाजला होता. तेव्हापासून स्टेपनी नाही त्या गाडीच्या शोरूमचा चहासुद्धा घेत नाही.

कॉलेजरोडचा_ड्रायव्हर
वीस वर्षांत किती वेळा स्टेपनी लावलीत? एकदा? त्या एका रात्रीसाठी रोज डिकीत मढं घेऊन हिंडायचं?

घोटीचा_प्रवासी
मढं?! माझी आई ७४ वर्षांची होती त्या गाडीत. तुमच्या घरात आग विझवायचं यंत्र असेल तर विका भंगारात, गेल्या वीस वर्षांत किती वेळा लागलं?

निफाडचा_बागाईतदार
बरोबर बोलले. आणि लहान स्टेपनीचं समर्थन करणाऱ्यांनी एकदा ती लावून ओझर ते मालेगाव ८० ने जाऊन दाखवावं. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वेडं करतात.

कॉलेजरोडचा_ड्रायव्हर
अहो ती टायरवाल्यापर्यंत जायला असते, मालेगावला लग्नाला जायला नाही!

गंगापूररोडकर
मंडळी, धागा रिमच्या पट्टीचा आहे.

कॉलेजरोडचा_ड्रायव्हर
पट्टीचंच बोलतो मग. तो घोडा-पैंजणवाला मीच. सिंहस्थाच्या नावाने निम्मं शहर खोदलंय. खड्ड्यात आपटलं की रिम बहुतेक वेळा आतल्या कडेला वाकते, पट्टी असते बाहेरच्या कडेला. म्हणजे चोर मागच्या दाराने येतो आणि तुम्ही पुढे कुलूप लावून बसलात. बाकी कडेला घासायचं म्हणाल तर गाडी घरात लेडीज चालवत असतील, एवढंच कारण दिसतं.

रविवार_कारंजा_ताई
हे वाचून हसू की रडू. मी रोज रविवार कारंजाजवळ गाडी लावते. हातगाडी, गाय, फुलवाली आणि तुमच्यासारखे दोन सल्लागार यांच्या मधून. सहा वर्षं, एक ओरखडा नाही. कडेला घेताना डावा आरसा मागचं चाक दिसेपर्यंत खाली करते, चार सेकंदांचं काम. आमच्या ह्यांच्या गाडीच्या चारही रिमना मात्र दात पडलेत. काय म्हणता आता दादा?

कॉलेजरोडचा_ड्रायव्हर
बरं, ते वाक्य मागे घेतो. आरशाची युक्ती चांगली आहे, मान्य. पण मग पट्टी नकोच हे तुम्हीही सिद्ध केलंत.

रविवार_कारंजा_ताई
मी काही सिद्ध केलं नाही. माझे टायर जाड आहेत म्हणूनही असेल. तुमच्या टायरवर २१५/६० लिहिलं असेल तर बाजूची उंची २१५ मिलिमीटर रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. लोक १७ इंचांवरून १८ ची रिम टाकतात, बाजू पातळ करतात, मग कडा फुटपाथला लागते आणि मग पट्टी शोधतात.

सातपूरचा_लेथवाला
ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. आणि काही टायरना बाजूलाच रिमच्या कडेबाहेर येणारा रबराचा उभार असतो. टायर बदलताना तसला मागा. तो चिकटवलेला नसतो, टायरबरोबरच येतो आणि टायरबरोबरच जातो.

गंगापूररोडकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतंत तर एवढं रामायण झालं नसतं.

असो. आज सकाळी तुमच्यावर चिडून, तुम्हाला खोटं पाडायलाच, डाव्या पुढच्या चाकाची पट्टी काढली. तीन भाग अगदी स्वच्छ, लॅकर जसंच्या तसं. व्हॉल्व्हजवळ जिथे पट्टीचा जोड होता तिथे मात्र बोटभर जागेत तो काळा लगदा. पेस्टच. रेघा नव्हत्या, हेही लिहून ठेवा. बाकी तीन चाकांच्या पट्ट्या राहू देणार आहे, दर महिन्याला जोड तपासेन आणि पुढचे टायर उभारवाले घेईन. तुम्ही जिंकलात असं समजू नका.

सातपूरचा_लेथवाला
मी कुठे म्हटलं? पण त्या चाकावर पुन्हा लावायची असेल तर जोड व्हॉल्व्हपाशी ठेवू नका. हवा भरणारी पोरं नळीचं तोंड तिथेच आपटतात, टोक तिथूनच उचकटतं.

घोटीचा_प्रवासी
आणि डिकी उघडलीच असेल तर स्टेपनीची हवा बघितलीत का?

गंगापूररोडकर
बघितली. ३३ पाहिजे, १४ निघाली. यावर आता नवा धागा काढू नका.