दिवाळी प्रदर्शन आणि ‘अस्सल पैठणी’ची पाटी

बी-४०२: सेक्रेटरीसाहेब, क्लबहाउसच्या प्रदर्शनाची यादी पाहिली. तो साडीवाला यंदा पुन्हा? ‘अस्सल येवला पैठणी’ म्हणून लेकीसाठी ९,००० रुपयांना घेतली होती. घरी पदर उलटा केला तर मागे नुसते कापलेले धागे. हातमागाची पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते हो.

सेक्रेटरी: नमस्कार काकू. कमिटी फक्त जागा देते. माल ज्याने त्याने पारखून घ्यावा 🙏

बी-४०२: भाडं घेता ना? सोसायटीच्या गेटवर बोर्ड लागतो, म्हणून तर आम्ही विश्वासाने घेतो.

ए-१०१: भाड्यावरून आठवलं. गणपतीच्या मांडवाचा हिशोब कुठे आहे?

खजिनदार: काका, नोटीस बोर्डावर दोनदा लावलाय.

सी-२०३: मी सेमी पैठणीच विकते, म्हणजे पैठणीसारखी दिसणारी मशीनवरची साडी. बंदी आणली तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? १,५०० रुपयांत कुणाची हौस होते, त्यात वाईट काय?

बी-४०२: ताई, बंदी कोण मागतंय? तुम्ही सेमी सांगून विकता. माझं म्हणणं एकच, पाटी खरी लावा.

ए-६०३: आमच्या हिने आता सगळ्या साड्या उलट्या करायला घेतल्यात 😀

डी-५०१: माझं माहेर येवल्याचं, म्हणून बोलते. साध्या पैठणीलाही विणकराचे आठवडे जातात, भरलेल्या पदराला महिने. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातविणीला. शेजारच्या टेबलावर मशीनचा माल त्याच नावाने स्वस्तात ठेवलात, तर विणकराच्या साडीला हात कोण लावणार?

ए-१०१: बोर्डावरच्या हिशोबात डेकोरेशनचं बिल नाही.

सेक्रेटरी: प्रत्येक साडी कशी तपासणार? आम्हालाही नोकऱ्या आहेत.

बी-४०२: तपासू नका. फॉर्ममध्ये लिहून घ्या: हातमाग की यंत्रमाग, रेशीम की आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम. तेच टेबलावर लावायचं. हातमाग म्हणणाऱ्याने हँडलूम मार्क दाखवावा, रेशीम म्हणणाऱ्याने सिल्क मार्क. खोटं निघालं तर डिपॉझिट जप्त. पाटी खरी लावा, बस.

सी-२०३: मला मान्य. मग ‘साजूक तुपातले’ लाडूही साजूक तुपातलेच हवेत.

बी-३०१: हे मला का? समोर येऊन बोला ना. तुपाचा डबा दाखवते.

सी-२०३: नाव घेतलं नाही मी कुणाचं.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. फॉर्ममध्ये ही ओळ घालतो, सगळ्याच स्टॉलना. शनिवारपर्यंत भरून द्या.

बी-४०२: आभारी आहे. त्या साडीवाल्याचा फॉर्म आला की सांगा. मी ती साडी घेऊन खाली येते आणि पदर उलटा करून त्याच्यासमोर ठेवते.